बिल इव्हान्स, व्हिलेज व्हॅनगार्डचा ३ सीडींचा सेट: काही महिन्यांचा वापर आणि एक रिप्लेसमेंट

रिव्ह्यू लिहायचा विचार नव्हता, पण सेलरने परवा माझ्या तक्रारीचं तिकीट बंद केलं आणि वर "आमच्या सेवेला किती स्टार द्याल" असा मेसेज पाठवला, म्हणून हे.

सेटमध्ये काय आहे ते इथल्या बहुतेकांना माहितीये, तरी थोडक्यात: जॅझ पियानिस्ट बिल इव्हान्सच्या त्रिकुटाची लाइव्ह मैफल. २५ जून १९६१, रविवार, न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला व्हॅनगार्ड क्लब, दुपारच्या दोन आणि रात्रीच्या तीन फेऱ्या, इव्हान्सचा पियानो, स्कॉट लाफारोचा बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य), पॉल मोशनचे ड्रम्स. जसं वाजलं त्याच क्रमाने.

माझी तिसरी सीडी अडकत होती. दुसऱ्या प्लेअरवरही तिथेच. तक्रार तिसऱ्या सीडीची केली, तर यांच्या क्वालिटी टीमने गोडाऊनमधला दुसरा सेट काढून ऐकली पहिली! त्यातलं पहिलंच गाणं 'ग्लोरियाज स्टेप', मध्येच आवाज जातो. झालं, लगेच फोन, "सर ऑडिओ ड्रॉप कन्फर्म झालाय, सगळी बॅचच डिफेक्टिव्ह दिसते, रिफंड देतो." अहो मॅडम, तो ड्रॉप १९६१ चा आहे, रेकॉर्डिंग चालू असताना करंट गेला होता, २००५ मध्ये अख्खा सेट काढला तेव्हा तो टेक (म्हणजे त्या गाण्याचं त्या वेळचं रेकॉर्डिंग) तसाच ठेवला आणि नावापुढे 'इंटरप्टेड' छापलंय, पाकिटावर वाचा ना. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "मग कंपनीने दुरुस्त का नाही केलं सर?" खरं सांगायचं तर प्रश्न वाजवी आहे. एवढे पैसे घेता आणि दार उघडल्या उघडल्या अर्धवट गाणं. शेवटी बरीच मेलामेली होऊन पूर्ण सेट बदलून मिळाला, तिसरी सीडी आता नीट वाजते.

आता माझी मुख्य तक्रार, ती सेलरशी नाही. ती १९६१ च्या गिऱ्हाइकांशी आहे. ही माणसं बोलतात! ग्लासांची खणखण, हसणं, मध्येच कोणाचं तरी मोठ्याने काहीतरी. 'माय फूलिश हार्ट'मध्ये इव्हान्स एकेक सूर इतका सांभाळून ठेवतोय, मोशन ब्रशने नुसता स्पर्श करतोय, आणि मागे यांचं ड्रिंक चाललंय. बासचा सोलो आला की तर यांना वाटतं मधली सुट्टी झाली. आपल्याकडे बैठकीत कोणी असं केलं असतं तर बुवांनी तंबोरा खाली ठेवून बघितलं असतं त्याच्याकडे. वर इंटरमिशनचा गलबलाही सीडीवर घेतलाय, त्याचे पैसे वेगळे मोजल्यासारखं वाटलं मला.

पहिले काही आठवडे हेडफोनवर ऐकलं आणि नुसता चिडलो. मग साध्या स्पीकरवर, आवाज कमी ठेवून, रात्री लावायला लागलो आणि मत जरा बदललं. व्हॅनगार्ड म्हणजे जिने उतरून जायचं एक तिकोनी तळघर आहे, १९३५ पासून त्याच जागेत, कशीबशी सव्वाशे माणसं मावतात. मॅक्स गॉर्डनने काढलं तेव्हा तिथे कविता आणि लोकसंगीत चालायचं, पूर्ण जॅझकडे वळले १९५७ च्या सुमारास. एवढ्याशा जागेत ग्लास वाजला तर माईकमध्ये येणारच. आणि त्या रविवारी आलेल्यांना काय माहीत हा रेकॉर्ड होणारे म्हणून, दोन आठवड्यांच्या बुकिंगचा शेवटचा दिवस, बस. तरी बासच्या सोलोवर बोलणाऱ्यांना माफी नाही.

दुसरं, एकच गाणं तीन-तीनदा. 'ऑल ऑफ यू' तीन, 'ग्लोरियाज स्टेप' तीन. आधी वाटलं भरतीचा माल आहे. आता तेच सगळ्यात जास्त ऐकतो. दुपारच्या आणि रात्रीच्या टेकमध्ये लाफारो काय काय बदलतो ते बघा, पियानोला नुसता ठेका धरून देणं त्याला मान्यच नाही, इव्हान्सचं वाक्य संपायच्या आत हा उत्तर देतो. पंचवीस वर्षांचा होता. ११ दिवसांनी, ६ जुलैला कार अपघातात गेला. त्यानंतर निर्माता ओरिन कीपन्यूजने पहिला एलपी निवडला तोच लाफारोभोवती, सुरुवातीला त्याचं 'ग्लोरियाज स्टेप', शेवटी त्याचंच 'जेड व्हिजन्स'. उरलेल्यातून पुढे 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हा दुसरा अल्बम आला. या सेटमध्ये रात्रीच्या शेवटी 'जेड व्हिजन्स' लागोपाठ दोनदा आहे. दुसऱ्या वेळचं मला जास्त आवडतं. तिथेसुद्धा कोणीतरी बोलतंय.

घ्यावा का? दोन्ही जुने अल्बम असतील आणि तुम्ही वर्षातून एकदाच लावत असाल तर गरज नाही. बास ऐकायला आवडत असेल तर घ्या, पण सेलमध्ये, पूर्ण किमतीला नको. आल्या आल्या तिसरी सीडी शेवटपर्यंत वाजवून बघा, रिटर्नची मुदत संपायच्या आत. आणि तक्रार करावी लागलीच तर पहिल्याच ओळीत लिहा की पहिल्या सीडीवरचा आवाज जाणारच आहे.