2,999 रुपयांची ‘येवल्याची’ पैठणी

येवल्यातला माग, मागावर बसलेले पांढऱ्या केसांचे काका, आणि खाली मजकूर: ‘कारखाना बंद करतोय, 18,000 ची डिझायनर पैठणी फक्त 2,999, प्युअर सिल्क.’ लग्नसराईत ही जाहिरात मोबाइलवर सारखी समोर येते. भाचीच्या लग्नात आहेर म्हणून मी तिच्यातलीच एक मागवली. पैसे आधी यूपीआयनं भरायचे, साडी हातात आल्यावर पैसे द्यायची सोय म्हणे ‘या ऑफरवर नाही’.

पार्सल वेळेवर आलं. साडीचा रंगही फोटोतलाच. पार्सलमधून चिंध्या निघाल्या असत्या तर निदान भांडायला सोपं गेलं असतं! सासूबाईंनी पदर उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, “अगं, ही हातमागाची नाही.” पदराच्या मागं कातरलेले सुटे धागे, बांगडीत अडकतील असे. हातमागावर मोर, कमळ, वेलबुट्टी विणताना प्रत्येक रंगाचं रेशीम त्याच्या जागेपुरतंच फिरवून परत वळवतात, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. यंत्रमागावर तो धागा मागच्या बाजूनं एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत तसाच जातो आणि नंतर कापून टाकतात. मग पदराच्या गोंड्यातला एक दोरा जाळला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. आमचा दोरा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली.

सेमी पैठणी, म्हणजे यंत्रमागावरची, शुद्ध रेशीम नसलेली, नेसण्यात कमीपणा काहीच नाही. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार “ताई, ही सेमी आहे” असं सांगून तशी साडी देतो, तीही बहुतेक याहून स्वस्त. हातमागावर एका पैठणीला आठवडेच्या आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर महिने लागतात. ती 2,999 ला द्यायची तर विणकराला मजुरी कुठून देणार?

साडी परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, “पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, मध्ये कुठं कट नको.” तो नव्हता. मग म्हणाले, “बिलात पैठणी कुठं लिहिलंय?” खरंच नव्हतं. बिलात होतं ‘लेडीज फॅन्सी साडी’. जीएसटी क्रमांक नाही, पत्त्यात नुसतं शहराचं नाव. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

थोड्या दिवसांनी ‘रिफंड विभागा’तून फोन आला. त्यांना ऑर्डरची रक्कम माहीत होती, साडीचा रंगसुद्धा. क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे लगेच जमा होतील म्हणे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं म्हटल्याबरोबर फोन कट.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. पण त्यासाठी जाहिरातीत काय म्हटलं होतं ते दाखवावं लागतं, आणि ब्लॉक झाल्यावर ती जाहिरात दिसतच नाही. ‘प्युअर सिल्क’ लिहिलेला स्क्रीनशॉट पैसे भरायच्या आधी काढून ठेवा. तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. पैसेच लुबाडले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर, तेही ताबडतोब, कारण पैसे पुढच्या खात्यात गेले की अडवणं अवघड होतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

सिल्क मार्कचं होलोग्रॅमवालं लेबल रेशमाची खात्री देतं, हातमागाची नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर पदराची मागची बाजू जवळून दाखवायला सांगा. माझ्या एका मैत्रिणीनं सांगितली, तर “ऑफरच्या साड्या पॅक झाल्यात, उघडता येत नाहीत” असं उत्तर मिळालं. तिच्या जाहिरातीत दुकानाचं नाव वेगळं होतं. मागावरचे काका तेच.