सहा इंची ई-रीडर आणि अकरा इंची टॅबलेट : बी.एस्सी.च्या पुस्तकांसाठी चौदा महिन्यांचा वापर

मी बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे माझे विषय. खानापूरच्या पलीकडच्या गावातून रोज बसने येते-जाते, त्यामुळे दिवसाचे जवळजवळ तीन तास रस्त्यावर जातात, आणि जाडजूड पुस्तके पाठीवर वाहून आणणे पहिल्याच सेमिस्टरमध्ये अवघड झाले होते. गेल्या वर्षी जूनमध्ये बाबांनी ऊसबिलातून पैसे दिले आणि मी सहा इंची ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तके वाचण्याचे यंत्र, घेतले. या जानेवारीत शिकवणीचे पैसे साठवून अकरा इंची अँड्रॉइड टॅबलेट घेतला. दोन्ही आजही रोजच्या वापरात आहेत. कोणते घ्यावे असे विचारणाऱ्याला मी आता एकच सांगते : वस्तू पाहण्याआधी आपल्याला वाचायच्या असलेल्या फाइली उघडून पाहा.

ई-रीडर घेताना माझ्या डोक्यात फक्त डोळे होते. चष्म्याचा नंबर वाढत होता आणि मोबाइलवर नोट्स वाचून संध्याकाळी डोके दुखायचे. त्या बाबतीत ई-रीडरने शब्द पाळला. ई-इंकच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये विद्युतभारित पांढरे व काळे कण असतात, ते विजेने वरखाली सरकून पान उमटवतात, आणि एकदा जागेवर बसले की ते पान टिकवण्यासाठी वीज लागत नाही. पडद्यावर पडणाऱ्या उजेडातच अक्षरे दिसत असल्याने दुपारी अंगणात किंवा सोप्यात बसूनही ती कागदावरच्यासारखी स्वच्छ वाचता येतात, तिथे टॅबलेटवर मात्र स्वतःचा चेहराच अधिक दिसतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की कधीकधी दोन-दोन दिवस येत नाही. मागच्या जुलैमध्ये अशाच दिवसांत इंटर्नल परीक्षा होत्या आणि एका चार्जिंगवर अडीच आठवडे चाललेल्या या यंत्रावरच मी अभ्यास केला.

अडचण आली ती पानाच्या आकारात. आमच्या बहुतेक नोट्स ए-४ आकाराच्या पीडीएफमध्ये येतात. ए-४ पानाची रुंदी २१० मिलिमीटर, तर सहा इंची पडद्याची सुमारे ९१. म्हणजे अख्खे पान पडद्यावर बसवले की १० पॉइंटचे अक्षर साधारण सव्वाचार पॉइंटचे होते. समास कापले तर ते पावणेसहापर्यंत जाते, आणि यंत्र आडवे धरले तर साडेसातपर्यंत, पण मग एका पानाचे तीन तुकडे होतात. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलप्रकारात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा पक्की ठरलेली असते. पीडीएफच्या ओळी नव्याने मांडणारी ‘के-टू-पीडीएफ-ऑप्ट’सारखी मोफत साधने आहेत आणि निव्वळ मजकुराच्या धड्यांवर मी त्यांचा चांगला उपयोग करून घेतला, परंतु सेंद्रिय रसायनातील अभिक्रियेचे टप्पे त्यांतून गेले की बाण एका पडद्यावर आणि तो बाण ज्या अणूकडे जातो तो पुढच्या पडद्यावर, अशी अवस्था झाली. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघून कुठे गेली हेच जिथे शिकायचे, तिथे हा तुटलेला बाण चालत नाही.

रंगांचा प्रश्न मला त्याहून मोठा वाटला, कारण तो माझ्या लक्षात फार उशिरा आला. सूर्यफुलाच्या खोडाच्या आडव्या छेदाला प्रयोगशाळेत सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीन असे दोन रंग देतात. लिग्निन या कडक द्रव्याच्या पेशीभिंती असलेल्या, म्हणजे शाळेत आपण ज्यांना जलवाहिन्या म्हणत होतो त्या, लाल होतात आणि सेल्युलोजच्या भिंतींच्या रसवाहिन्या हिरव्या. पुस्तकातले छायाचित्र तसेच रंगीत होते. माझ्या पडद्यावर लाल आणि हिरवा या दोघांचीही जवळजवळ सारखीच राखाडी छटा उमटत होती, आणि मी आठवडाभर ते चित्र केवळ आकारांवरून पाठ करत होते. प्रॅक्टिकलच्या दिवशी सूक्ष्मदर्शकात डोकावले तेव्हा पुस्तकाने दोन शब्दांत सांगितलेला फरक मला पहिल्यांदाच दिसला. रंगीत ई-इंकची यंत्रेही मिळतात, पण त्यांतल्या कॅलिडो ३ पडद्यावर काळा-पांढरा मजकूर इंचाला ३०० बिंदूंचा असतो तर रंग १५० बिंदूंचे, शिवाय रंगांच्या गाळणीमुळे ते फिकट दिसतात; ऊतींच्या छायाचित्रांसाठी मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

टॅबलेटवर हे दोन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी सुटले. अकरा इंची पडदा उभा धरला आणि समास कापले की ए-४ चे पान मूळ आकाराच्या नऊ दशांशाइतके दिसते. दोन बोटांनी छेद मोठा करून पेशीची भिंत पाहता येते. पडद्याचे दोन भाग करून एकीकडे मागच्या वर्षीचे प्रश्न आणि दुसरीकडे धडा ठेवता येतो, आणि पाठ्यपुस्तक आपण असेच पुढेमागे करत वाचतो, कादंबरीसारखे सरळ वाचत नाही. स्कॅन केलेले दीडशे एमबीचे पुस्तक ई-रीडरवर पान उलटायला मनात दहा अंक मोजावे लागतील इतका वेळ घ्यायचे. इथे ते लगेच उलटते. एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहातून कॉलेजच्या लॉगिनने मिळणारी काही पुस्तके ब्राउझरमध्येच वाचावी लागतात, तीही ई-रीडरवर नीट चालत नव्हती. ई-पीजी पाठशाळा या सरकारी संकेतस्थळावरचे वनस्पतिशास्त्राचे पीडीएफ पाठ मात्र उतरवून दोन्हीकडे ठेवता येतात, आणि ते पदव्युत्तर पातळीचे असले तरी आमच्या अभ्यासाला फार उपयोगी पडतात.

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. तसे शिकून इंग्रजी पुस्तकांकडे आलेल्या सीमाभागातील मुलामुलींना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. शास्त्रीय शब्द वर्गात समजावले जातात, त्यांची भीती पहिल्या महिन्यात जाते. वाक्य अडते ते साध्या इंग्रजी शब्दांवर : ‘टेपर’, ‘अब्रप्ट’, ‘व्हेअरॲज’. ई-रीडरवर शब्दावर बोट ठेवले की अर्थ तिथेच उघडतो, आणि टॅबलेटवर केओरीडर हे मोफत ॲप घेतले तर त्यात हवे ते शब्दकोश बाहेरून घालता येतात. गेल्या वर्षी बसमध्ये मी याच सोयीवर वाचायला शिकले. फक्त फाइलमध्ये खरा मजकूर हवा. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यावर बोट ठेवून काहीच हाती लागत नाही. मराठी भाषेच्या पेपरच्या नोट्सबाबत तर वेगळीच अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या पीडीएफ डोळ्यांना उत्तम मराठी दिसतात, पण शब्द शोधायला गेले की सापडत नाही आणि कॉपी केला की भलतीच रोमन अक्षरे उमटतात. अशा पानांवर मी टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरे ओळखणारे मोफत सॉफ्टवेअर मराठीसाठी चालवते. जोडाक्षरांत चुका राहतात, तरी शोधण्यापुरते काम होते.

टॅबलेटचे तोटेही सहन करावे लागतात. वजन अर्ध्या किलोच्या आसपास असल्याने बसमध्ये उभ्याने एका हातात तो धरवत नाही. रात्री दोन तासांनंतर डोळे चुरचुरतात. सिम घातलेले नाही आणि व्हॉट्सॲप मुद्दाम टाकलेले नाही, नाहीतर अभ्यास झाला नसता. लिहिण्यासाठी घेतलेली साधी रबरी टोकाची पेन्सिल वाया गेली, कारण तळहात टेकला की तोच रेघा ओढतो. टॅबलेटला चालणारा खास पेन असेल तरच तो खर्च करावा. आकृत्या मी आजही कागदावर शिसपेन्सिलीनेच काढते, परीक्षेत हाताला तीच सवय लागते.

ई-रीडर फार नाजूक आहे हेही लिहिले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये गर्दीच्या बसमध्ये सॅकमधला स्टीलचा डबा त्यावर दाबला गेला आणि पडद्याच्या खालच्या बाजूला तीन आडव्या रेघा कायमच्या उमटल्या. ते अजून चालते, पण शेवटची ओळ नेहमी वर सरकवून वाचावी लागते. त्यानंतर मी पुठ्ठ्याचे कडक कव्हर घेतले आणि डबा वेगळ्या पिशवीत ठेवते.

गेल्या आठवड्यात नंदगडहून येणारी पहिल्या वर्षाची एक मुलगी हाच प्रश्न घेऊन आली होती. तिच्या पेनड्राइव्हवर सहा फाइली होत्या. आम्ही लायब्ररीत बसून त्या दोन्हीवर उघडल्या. त्यांतल्या चार स्कॅन केलेल्या होत्या, एकीत रंगीत छेद होते, आणि नीट वाचता येईल असे ईपब एकच. तिने टॅबलेट घ्यायचे ठरवले. ते ईपब वाचून होईपर्यंत माझे ई-रीडर मी तिला दिले आहे.