35 टक्के ठेवायचे की 51? बोर्डाच्या भरवशावर राहण्याआधी

सातपूर-अंबडमधली घरची कंपनी शेअर बाजारात न्यायची ठरली की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "35 टक्के पुरे, बोर्ड आपलंच आहे." म्हणजे घराकडे 35 टक्के शेअर ठेवले तरी पुरे, बाहेरच्या कुणी कंपनी बळकावू पाहिली तर संचालक मंडळ त्याला अडवेल. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्यात हे निम्मं तरी चाललं असतं. तिथे बोर्ड भागधारकांना न विचारता 'पॉयझन पिल' आणू शकतं, म्हणजे कुणी ठरावीक हिस्सा ओलांडला की बाकीच्या भागधारकांना स्वस्तात नवे शेअर देऊन त्याचा हिस्सा पातळ करायचा. 2022 मध्ये ट्विटरने 15 टक्क्यांवर कुंपण घालून तेच केलं. अर्थात तिथेही मोकळं रान नाही. धोका खरा होता आणि उपाय त्याच्या मानाने अवाजवी नव्हता, हे तिथल्या न्यायालयाच्या 1985 च्या युनोकल निकालापासून बोर्डाला दाखवावं लागतं.

आपल्याकडे 25 टक्के गाठणाऱ्याला आणखी किमान 26 टक्क्यांसाठी ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांना त्यांचे शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव, द्यावी लागते. ती आली की सेबीच्या 2011 च्या नियमावलीतला 26वा नियम बोर्डाचे हात बांधतो. मोठी मालमत्ता विकणं, नवे शेअर काढणं, बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं), सगळ्याला भागधारकांचा विशेष ठराव हवा, म्हणजे विरोधाच्या तिप्पट मतं. समोरच्याने आधीच 24 टक्के जमवले असतील तर तो ठराव तो एकटाच पाडेल, कारण सगळे भागधारक मत देतातच असं नाही. 2019 मध्ये माइंडट्री या आयटी कंपनीच्या संस्थापकांकडे जेमतेम 13 टक्के होते. एल अँड टी कंपनी ताब्यात घ्यायला आल्यावर बायबॅकचा विचार झाला आणि सोडूनही द्यावा लागला.

मग 35 टक्क्यांत मिळतं काय? समोरच्याचा विशेष ठराव अडवता येतो, वर्षाला 5 टक्क्यांपर्यंत हिस्सा ओपन ऑफरशिवाय वाढवता येतो. स्पर्धक ऑफरही देता येते, पण मुदत 15 कामकाजी दिवसांची आणि पैसा तयार हवा. संचालक काढायला मात्र साधा ठराव, म्हणजे विरोधापेक्षा जास्त मतं, पुरतो. तिथे 35 टक्के उघडे पडतात.

51 टक्क्यांत ही भीती नाही. भांडवल कमी उभं राहतं, आणि पुढे नवे शेअर काढले की आकडा घसरतो. म्हणून मी 55 च्या खाली सुरुवात करू नका म्हणेन. बाजारात जायचंच नसेल तर प्रायव्हेट कंपनीच्या नियमावलीतच शेअर हस्तांतरावर बंधन असतं, प्रश्न मिटला.

एक मात्र बघा: हे 51 टक्के तीन भावांत वाटलेले असतील तर बाहेरचा माणूस नाराज भावाच्या दारानेच आत येतो. 'विकायचं तर आधी घरात विचारायचं' असा करार लिस्टिंगआधी करून घ्या. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 58(2) पब्लिक कंपनीतही तो मान्य करतं.