कॅनडातल्या युरेनियमच्या जमिनीत ‘हिस्सा’ घ्या म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत कॅनडातल्या युरेनियमच्या जमिनीत हिस्सा देतो म्हणून लोकांकडून पैसे गोळा केले गेलेत. माझ्या मामांचे सात लाख त्यात अडकले. मामा साखर कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा मिळालेल्या ग्रॅच्युइटीतले ते पैसे. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती, गल्लीतली माणसं, एक-दोघांचे जावईसुद्धा त्यात आहेत. मी उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे. धातूचे नमुने तपासणं हे रोजचं काम, म्हणून मामांनी सगळी फाईल माझ्यापुढे ठेवली.

शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये पैसे गोळा करणाऱ्यांच्या बैठका व्हायच्या. पडद्यावर कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या अथाबास्का खोऱ्याचा नकाशा असायचा. हे खोरं खरंच आहे आणि जगातलं सगळ्यात कसदार युरेनियम तिथंच सापडतं. तिथल्या सिगार लेक खाणीतल्या धातुपाषाणात युरेनियम ऑक्साइडचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास भरतं. आपल्या झारखंडमधल्या जादुगुडात ते ०.१ टक्क्याच्याही खाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये युरेनियमचा भाव २००७ नंतर पहिल्यांदा पौंडाला १०० डॉलरवर गेला, हेही खरं. बैठकीत सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी अशा खऱ्या होत्या, म्हणूनच हिशोबाला पक्की असलेली माणसंही बसून राहिली. पण त्यातली एकही गोष्ट ‘आपल्या’ जमिनीबद्दल नव्हती. शेजारच्या शेतात बोअरला पाणी लागलं म्हणून आपल्या बांधात लागतंच असं नाही, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे.

त्यांनी जी विकली ती जमीन नव्हतीच. तिथल्या सरकारकडून मिळतो तो ‘क्लेम’, म्हणजे ठरलेल्या हद्दीत खनिज शोधण्याचा हक्क. खाण काढण्याची परवानगी वेगळी असते आणि ती फार पुढची गोष्ट. क्लेम ऑनलाइन नोंदवता येतो, फी किरकोळ असते, आणि तो टिकवायचा तर दरवर्षी शोधकामावर ठरावीक खर्च करून दाखवावा लागतो. क्लेम कुणाच्या नावावर आहे ते प्रांत सरकारच्या नकाशावर घरबसल्या, फुकट दिसतं. माहितीपत्रकात छापलेला नंबर माझ्या पुतणीनं तिथं टाकून पाहिला. तो क्लेम भलत्याच कंपनीच्या नावावर निघाला आणि इथल्या मंडळींचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता.

दीड वर्षात पैसे तिप्पट, असा वायदा होता. सिगार लेकचा साठा १९८१ मध्ये सापडला. खाण खोदताना २००६ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये आत पाणी घुसलं, आणि उत्पादन सुरू व्हायला २०१४ उजाडलं. साठा हाती असलेल्या बड्या कंपन्यांना तेहतीस वर्षं लागली. जिथं खाली काय आहे ते पाहायला अजून ड्रिलनं एक भोकही पाडलेलं नाही तिथं दीड वर्षात काय होणार?

बैठकीत सगळ्यात जास्त परिणाम झाला तो दगडाचा. टेबलावर एक काळपट दगड ठेवायचे, किरणोत्सर्ग टिपणारं यंत्र, गायगर काउंटर, जवळ न्यायचे आणि तो कडकड वाजायला लागायचा. मामा आजही म्हणतात, “अरे, मी माझ्या कानानं ऐकलंय.” यंत्र वाजलं म्हणजे किरणोत्सर्ग आहे, एवढंच कळतं. तो युरेनियमचा की थोरियमचा, हे असल्या साध्या काउंटरला सांगता येत नाही. आपल्या जुन्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये थोरियम असायचं; तसलं मेंटल पिशवीत असलं तरी यंत्र वाजतं. आणि दगड खरंच युरेनियमचा होता असं धरलं, तरी तो कुठल्या देशातून, कुठल्या भोकातून आला याचा पुरावा काय?

फाईलमधला ‘लॅब रिपोर्ट’ बघून तर मला राग आवरेना. आमच्याकडे साध्या कास्टिंगच्या सर्टिफिकेटवरसुद्धा हीट नंबर असतो, म्हणजे तो धातू भट्टीच्या कुठल्या खेपेतला ते कळतं. इथं नमुन्याला नंबर नाही, भोकाला नंबर नाही, भोकातून काढलेला दगडाचा गाभा किती मीटरपासून किती मीटरपर्यंतचा तपासला ते नाही. नुसतं ‘सेकंदाला इतके काउंट’ असं मोठ्या अक्षरात. काउंट म्हणजे यंत्राचे ठोके, दगडातल्या युरेनियमचं प्रमाण नव्हे. खऱ्या अहवालात खोली, जाडी आणि ऑक्साइडचे टक्के येतात. १९९७ मध्ये ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीचा इंडोनेशियातला सोन्याचा साठा खोटा निघाला, नमुन्यांतच सोनं मिसळलेलं होतं. त्यानंतर तिथं ‘एनआय ४३-१०१’ हा नियम आला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला खनिजाबद्दल दावा करायचा तर पात्र तज्ज्ञाच्या नावानिशी, सहीनिशी करावा लागतो आणि हे अहवाल कुणालाही वाचायला मिळतात. आमच्या फाईलमध्ये सहीच्या जागी शिक्का होता, तोही इथल्याच फर्मचा.

भावाबद्दलही असंच. २०२१ मध्ये मुंबईत एटीएसनं, म्हणजे दहशतवादविरोधी पथकानं, सात किलो युरेनियम पकडलं, किंमत एकवीस कोटी, हे बातमीचं कात्रण ते दाखवायचे. २०२४ मधला पौंडाला १०० डॉलर हा भाव धरला, तर किलोला तेव्हाचे साधारण अठरा हजार रुपये. त्या हिशोबानं सात किलोचे सव्वा लाखाच्या आसपास होतात. कोटींचे आकडे बाजारातले नाहीत.

पहिले पैसे भरल्यावर दुसरा फेरा आला. “काका, एप्रिलात बर्फ इतळलं की मशीन आत जात न्हाई. आत्ता भरा, न्हाईतर हंगाम गेला बघा.” उत्तर सस्कॅचेवानात गोठलेल्या तळ्यांवरून हिवाळ्यात ड्रिलिंग करतात हे खरंच आहे. साखर कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला ‘हंगाम’ म्हटलं की घाई होणारच. मामांनी आणखी दोन लाख भरले. परदेशात गुंतवणूक करायची तर पैसे बँकेतून, पॅन देऊन, कारण लिहून डॉलरमध्ये जातात. हे सगळे पैसे इथल्याच एका चालू खात्यात गेले.

आता ऑफिसला कुलूप आहे, फोन बंद आहेत. आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिलाय. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा, दोन्हींत आरोपींची मालमत्ता जप्त करायची तरतूद आहे. म्हणून तक्रारदार जितके पुढे येतील तितकं बरं. लाजून घरात बसलेल्या लोकांना मी हेच सांगतोय. पावत्या, बँकेचे उतारे, व्हॉट्सॲपवरचे निरोप, बैठकीचे फोटो, काही पुसू नका. यूपीआयनं नुकतेच पैसे दिले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

गेल्या आठवड्यापासून काहींना नवे फोन येऊ लागलेत. “तुमची रक्कम कॅनडातनं सुटलीय, आधी जीएसटी भरा, मग खात्यात येईल.” यादी त्याच टोळीकडून बाहेर गेली असणार, कारण कुणी किती भरले तो आकडासुद्धा ते बरोबर सांगतात. मामांनाही फोन आला होता. एक रुपयाही भरू नका, नंबर टिपून घ्या आणि तो तक्रारीत जोडा.