सॅम कुक ऐकायचा तर मायामी की कोपा?

दोन्ही मैफली सॅम कुकच्याच, म्हणजे सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारातल्या गायकाच्या. जुलै १९६४ ला न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबात ध्वनिमुद्रित झालेला अल्बम त्याच वर्षी आला. बिग बँडची साथ, नेटके उच्चार, घासूनपुसून घेतलेला आवाज, कारण समोर बहुतांशी गोरा, जेवणाच्या टेबलांवर बसलेला श्रोता.

मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबातली १२ जानेवारी १९६३ ची मैफल मात्र आरसीए या त्याच्या रेकॉर्ड कंपनीने १९८५ पर्यंत दाबून ठेवली. त्यांना ती फार रांगडी वाटली. इथे किंग कर्टिसचा सॅक्सोफोन आहे, खरखरीत गळा आहे, चर्चमधल्या गॉस्पेलसारखी पुकार आहे आणि सोबत गाणारी कृष्णवर्णीय गर्दी. ‘ट्विस्टिन द नाइट अवे’ दोन्हींत आहे, लागोपाठ ऐका. आधी मायामीच. सोल म्हणजे काय, ते तिथे कळतं. कोपातून त्याची शिस्त कळते.