नुसता सन टाकून म्युझियम फिरताना: आठ महिन्यांनंतर

गणपतीत पाय मुरगळून घरी बसले तेव्हा हा नाद लागला. म्युझियमच्या साइटवर जायचं, नाव-गाव काही न टाकता फक्त सन टाकायचा आणि येईल ते बघत बसायचं. आता मे उजाडलाय, नाद सुटलेला नाही.

सगळ्यात जास्त रमले ती ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. तिथे विट्सेन नावाच्या ॲमस्टरडॅमच्या नगराध्यक्षाच्या संग्रहातला, गोवळकोंड्यात काढलेल्या ४९ चित्रांचा अल्बम आहे. त्यात शिवाजी महाराजही आहेत. साल दिलंय अंदाजे १६८६, म्हणजे महाराज जाऊन सहा वर्षं झाल्यावरचं. चित्र फुकट उतरवून घेता येतं. न्यूयॉर्कच्या मेटने (मेट्रोपॉलिटन म्युझियम) देखील २०१७ पासून लाखो फोटो असेच खुले केलेत.

गोम आहे त्या 'अंदाजे'मध्ये. संगणकाला अंदाज कळत नाही, म्हणून मागे दोन आकडे भरावे लागतात: इथपासून इथपर्यंत. मेटच्या खुल्या डेटात हे दोन्ही रकाने उघड दिसतात. त्यामुळे नुसतं 'सतरावं शतक' लिहिलेला खंजीर १६१० टाका की १६९० टाका, हजर. पहिले दोन महिने मी त्यावर वैतागत होते.

जुन्या पत्रांत वेगळाच घोळ. इंग्रजांचं वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला बदलायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण वखारीतल्या इंग्रजांच्या हिशेबी अजून १६६३ च चालू होतं. त्याच गावातले डच नवीन (ग्रेगोरियन) पंचांग वापरायचे, म्हणजे तारखेने दहा दिवस पुढे. एकच प्रसंग शोधायचा तर दोन सनांत हात घालावा लागतो. (घरच्यांना हे जेवताना सांगू नये. अनुभव आहे.)

एका पोर्टलने मात्र कहर केला. नाव घेत नाही. तिथे मोडी कागदांना सनाचा रकाना आहे, आणि भरणाऱ्याने शक आणि इसवी सन एकच मानलेत. एका कागदाच्या स्कॅनवर 'शके १६८२' स्वच्छ वाचता येतं आणि शेजारच्या रकान्यातही १६८२ च. शके १६८२ चा पौष म्हणजे पानिपत, जानेवारी १७६१! ते जाऊन बसलंय संभाजीराजांच्या कारकिर्दीत. ज्यांवर नुसतं साल आहे, दिवस-महिना सापडला नाही, असे कागद सरसकट १ जानेवारीला. दोनदा मेल केला, स्कॅनसकट. पोच आली, दुरुस्ती नाही.

तरी ते पोर्टल सोडवत नाही, कारण स्कॅन सुरेख आहेत. आता तिथे नानासाहेब पेशव्यांचा काळ हवा असला की मी १६६२ ते १६८३ टाकते. बरोबर सापडतो.