काळ्या घोड्यापासून कीर्तिमंदिरापर्यंत : बडोद्यातील एक पायी सहल

बडोद्यात जन्म काढूनही ज्या काळ्या घोड्याच्या चौकातून मी केवळ घाईघाईने ये-जा केली, तिथला पुतळा मी गेल्या रविवारी सकाळी एका पायी सहलीत प्रथमच थांबून पाहिला. इंग्रज शिल्पकार डरवेंट वुड यांनी घडवलेला सयाजीराव महाराजांचा हा अश्वारूढ पुतळा 1907 साली उभा राहिला. पण लोकांनी चौकाला महाराजांचे नाव न देता घोड्याचेच दिले, हे मला फार गोड वाटते. कोवळे ऊन घोड्याच्या मानेवर पडले, तेव्हा त्या काळ्या धातूखालचे स्नायू जिवंत भासले आणि माझी आई, जी एरवी दहा पावलांवर दमते, ती चौथऱ्याभोवती दोनदा फिरली.

मार्गदर्शक तरुण मराठी व गुजराती दोन्हींत सफाईने बोलत होता आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा सयाजीराव महाराज म्हणून बडोद्याच्या गादीवर कसा आला, हे त्याने मन लावून सांगितले.

कमाटी बाग मात्र फार भरभर उरकली. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी बांधलेल्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत, तिथे निदान अर्धा तास हवा होता. आम्हाला दहाच मिनिटे मिळाली. आयोजकांनी तेवढा बदल करावा. ज्येष्ठांनी पाण्याची बाटली आणि टोपी बरोबर ठेवावी, कारण नऊनंतर ऊन चटके देते.